वारा आणि सांधा

आमच्या भागातल्या कोणत्याही लहानशा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन 'तुमच्याकडे मिग वेल्डिंगचे यंत्र आहे काय' असे विचारले, तर कारागीर क्षणभर बुचकळ्यात पडतो आणि मग 'सीओटू म्हणताय होय!' असे म्हणून कोपऱ्यात, काळ्या सिलिंडरच्या शेजारी उभ्या असलेल्या यंत्राकडे बोट दाखवितो. माहितीपत्रकात छापलेले नाव एक आणि वहिवाटीतले नाव दुसरे, हा प्रकार आपल्या मुलखाला नवा नाही. परंतु येथे वहिवाटीचेच नाव अधिक खरे आहे, हे आरंभीच सांगून टाकावेसे वाटते. 'मिग' ह्या नावातील मधले अक्षर 'इनर्ट', म्हणजे कोणाशीही संयोग न पावणाऱ्या उदासीन वायूचे द्योतक असून, कारागिराच्या सिलिंडरमध्ये भरलेला कार्बन डायऑक्साइड हा विजेच्या ठिणगीपुढे मुळीच उदासीन राहत नाही. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ह्या क्रियेला 'मॅग' म्हणतात; पण ते नाव पुस्तकात राहिले, 'मिग' दुकानदाराच्या तोंडी राहिले, आणि ज्याच्या हातात गन असते त्याने मात्र सिलिंडरकडे पाहून आपले नाव ठेविले.

ह्या नावापर्यंत पोहोचण्यास मनुष्याला जो लांबचा प्रवास करावा लागला, तो माझ्या मते एकाच वैऱ्याशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे, आणि तो वैरी म्हणजे वारा. लोखंड वितळविणे अवघड खरे, पण वितळलेल्या लोखंडाला हवेपासून दूर ठेवणे त्याहून अवघड. कारण हवेतील प्राणवायू त्याला जाळून टाकतो आणि नत्रवायू त्यात शिरून त्याला ठिसूळ करतो.

लहानपणी मी बैलगाडीच्या चाकाची धाव सांधताना पाहिली आहे. लोखंडाची लांब पट्टी वाकवून तिचे कडे करावयाचे, तिची दोन्ही टोके ठोकून निमुळती करून एकमेकांवर आणावयाची, तेवढाच भाग भट्टीत धरून भाता चालवावयाचा, आणि लोखंड तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे होत होत अखेर पांढुरके होऊन त्यातून बारीक चांदण्या उडू लागल्या की म्हातारा लोहार डाव्या हाताच्या चिमटीने त्यावर थोडी बारीक रेती टाकीत असे. सवड आणि पैसा असला तर रेतीऐवजी टाकणखार. ती चिमूट कशासाठी, हे त्या वयात कळले नव्हते. तापलेल्या लोखंडावर हवेमुळे जी काळी पापडी धरते ती दोन टोकांच्या मध्ये राहिली, तर सांधा वरून एकजीव दिसतो आणि पहिल्याच दगडावर चाक आपटले की उकलतो. रेती त्या पापडीशी संयोग पावून काचेसारखा पातळ रस बनते, आणि घणाचा घाव बसताच तो रस चारी बाजूंनी उडून जाऊन लोखंडाला लोखंड भिडते. मग त्या कड्याभोवती गोवऱ्या रचून, ते तापून फुगले की चाकावर बसवून, वर घागरीने पाणी ओतीत. वाफेचा जो लोट उठे त्यात लोहार, सुतार आणि गाडीचा धनी असे तिघेही काही वेळ दिसेनासे होत. ज्या वाऱ्याने आग फुलवावयाची तोच वारा सांध्यात शिरू द्यावयाचा नाही, हे ज्ञान बलुत्याच्या धान्यावर गुजराण करणाऱ्या त्या माणसाजवळ कोणत्याही पोथीवाचून होते.

हीच विद्या मोठ्या प्रमाणावर वापरली की तिच्यातून तोफ होई. विजापूरच्या बुरुजावरील 'लांडा कसाब' ही तोफ ओतीव नसून लोखंडाच्या पट्ट्या लांबीने जुळवून त्यांवर तापलेली कडी चढवून घडविलेली आहे. परंतु ह्या पद्धतीला एक हद्द होती: जी वस्तू भट्टीपर्यंत नेता येईल तीच सांधता येणार. सांध्यापर्यंत आगच घेऊन जाण्याची तजवीज होईपर्यंत जहाज, पूल आणि बाष्पक ही सारी खिळ्यांवर, म्हणजे रिव्हेटांवर, विसंबून राहिली.

ती तजवीज विजेने केली. 1881 च्या सुमारास निकोलाय बेनार्डोस ह्या रशियन संशोधकाने कोळशाची कांडी आणि लोखंड ह्यांच्यामध्ये विजेची कमान पेटवून धातू वितळवून दाखविला, आणि ग्रीकांच्या लोहारदेवाचे स्मरण करून आपल्या रीतीला 'इलेक्ट्रोहेफेस्ट' असे नाव दिले. आपल्याकडे तो जन्मला असता तर विश्वकर्म्याचे नाव देता. त्याच देशातील निकोलाय स्लाव्यानॉव्ह ह्याने 1888 साली कोळशाची कांडी काढून टाकून तिच्या जागी धातूचीच कांडी लाविली, जेणेकरून आगही तीच देईल आणि भरही तीच घालील. निरनिराळे धातू एकावर एक वितळवून त्याने एक पेला केला होता, आणि तो 1893 च्या शिकागो येथील प्रदर्शनात मांडला होता. ज्या प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे आपल्याला शिकागो ठाऊक आहे तेच ते प्रदर्शन. पण नागव्या कांडीने केलेल्या सांध्यात वारा शिरे, आणि सांधा भोकाभोकांचा होई. स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबेरी ह्याने जहाजांचे बाष्पक दुरुस्त करताना ह्यावर जो इलाज काढला तो लोहाराच्या चिमटीचाच थोरला भाऊ म्हणावा लागेल: त्याने कांडी कार्बोनेट व सिलिकेट ह्यांच्या दाट लेपात बुडवून वाळविली, त्यामुळे ती जळताना धूर आणि मळी दोन्ही निर्माण होऊन वितळलेल्या धातूवर पांघरूण पडे. आजही गल्लोगल्ली जी 'रॉड'ची वेल्डिंग चालते ती ह्याच वंशातली, आणि सांध्यावरची ती मळी हातोडीने टकटक करून झाडणे हा तिचाच वारसा.

रॉडची खोड एवढीच की तो संपतो. दर दीड-दोन मिनिटांनी थांबावे, थोटूक फेकावे, नवा रॉड धरावा, हे कारखानदाराच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविक होते. म्हणून 1920 साली अमेरिकेत पी. ओ. नोबेल ह्याने रिळावरची तार आपोआप पुढे सरकत राहील असे यंत्र केले. पण ती तार नागवी होती आणि वैरी दाराशीच होता. तारेला लेप देऊन ती रिळावर गुंडाळता येत नाही, लेप तडकतो. तेव्हा लेपाचे काम वायूकडे सोपवावे, ही कल्पना पुढे आली. 1926 साली हॉबर्ट आणि डेव्हर्स ह्यांनी हेलियम व आर्गॉन ह्या उदासीन वायूंचे आवरण घेऊन पाहिले. पण ते वायू त्या काळी इतके महाग होते की कल्पना दप्तरातच राहिली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी मॅग्नेशियम सांधण्याची निकड पडली, तेव्हा 1941 च्या सुमारास नॉर्थ्रॉप कंपनीतील रसेल मेरेडिथ ह्याने टंगस्टनची न झिजणारी कांडी आणि हेलियम ह्यांचा मेळ घातला. ह्याच्याच पाठोपाठ, 1948 साली, ओहायो प्रांतातील बॅटेल संशोधनसंस्थेत एअर रिडक्शन कंपनीच्या खर्चाने नोबेलची सरकती तार आणि उदासीन वायूचे छत्र ही दोन्ही एका नळीत आली. मिगचा जन्म हा. आरंभी तो अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठीच परवडे. साध्या पोलादावर आर्गॉन उधळणे म्हणजे गोठ्याला चंदनाची दारे लावण्यासारखे होते.

येथे कथेला रशियाकडून पुन्हा वळण मिळते. 1953 साली ल्युबाव्हस्की आणि नोव्होझिलोव्ह ह्यांनी आर्गॉनला फाटा देऊन कार्बन डायऑक्साइड वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. हा वायू हवेच्या दीडपट जड आणि अत्यंत स्वस्त. सोडावॉटरच्या बाटलीत कोंडतात तोच, आणि उसाच्या मळीपासून मद्यार्क काढताना आंबवणीच्या टाकीतून फसफसून वर येतो तोही हाच. अडचण एकच की ठिणगीच्या उष्णतेत तो फुटतो आणि त्यातून प्राणवायू मोकळा होतो. ज्या चोराला बाहेर ठेवण्यासाठी पहारेकरी नेमावा, त्या चोराला पहारेकऱ्यानेच खिशात घालून आत आणावे, तसा हा प्रकार. त्यावर उपाय तारेत केला. आज 'एस-6' ह्या खुणेची जी तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्वत्र मिळते, तीत सुमारे दीड टक्का मँगनीज आणि एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन मुद्दाम घातलेले असते. लोखंडाआधी हे दोघे प्राणवायूला सामोरे जाऊन त्याला बांधून टाकतात. रेतीचे मूळ द्रव्य सिलिकॉनच, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

ह्या यंत्राचे खरे चातुर्य मात्र वायूत नसून विजेच्या बंदोबस्तात आहे. रॉडच्या यंत्रात विद्युत्प्रवाह जवळजवळ कायम ठेवलेला असतो आणि ठिणगीची लांबी सांभाळण्याची जबाबदारी कारागिराच्या मनगटावर असते; म्हणून तर चांगला रॉडवाला घडावयास वर्षे लागतात. मिगमध्ये व्होल्टेज कायम आणि तारेचा वेगही कायम. हात किंचित वर उचलला गेला की ठिणगी लांबते, प्रवाह घटतो, तार कमी वितळते आणि पुढे सरकणारी तार ते अंतर आपोआप भरून काढते. हात खाली गेला की ह्याच्या उलट. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस बारीक तार व कमी व्होल्टेज वापरून ती तार वितळलेल्या डबक्यात सेकंदाला वीस ते दोनशे वेळा बुडते आणि तुटते अशी व्यवस्था साधली, तेव्हा पातळ पत्रा न जाळता सांधणे आणि उभ्या भिंतीवर वा डोक्यावर काम करणे शक्य झाले.

महाराष्ट्रात हे यंत्र लहान शेडमध्ये आले ते मोठ्या कारखान्यांच्या मागून. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात मोटारी आणि दुचाक्या होऊ लागल्या, आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्यांकडे जी पोरे सीओटूवर तयार झाली त्यांतलीच काही पुढे आपापल्या गावी शेड टाकून बसली. तरीही ते जुने यंत्र ट्रान्सफॉर्मरमुळे दोघांनाही न उचलवणारे आणि थ्री-फेज मागणारे असे. विजेचे स्पंदन प्रथम शेकडो पटींनी वाढवून मग तिचे व्होल्टेज उतरविणारी इन्व्हर्टरची रीत आली, ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा झाला, आणि एका हाताने उचलता येणारे, घरच्या 230 व्होल्टांवर चालणारे यंत्र बाजारात दिसू लागले.

असे एक यंत्र मीही हौसेने घेतले आहे, आणि पहिल्या दिवशी त्याने माझी पुरती फजिती केली. विकणाऱ्याने सोबत बिनगॅसची, म्हणजे पोटात मसाला भरलेली तार दिली होती. पण ह्या तारेसाठी गनकडे ऋण आणि कामाकडे धन टोक जोडावे लागते, साध्या तारेच्या अगदी उलट, हे त्याने सांगितले नाही आणि मीही पुस्तिका उघडली नाही. तासभर नुसते शिंतोडे उडाले. शेवटी शेजारच्या शेडमधला कारागीर आला. त्याने ती तार काढून 0.8 मिलिमीटरची साधी तार बसविली, रुळाची खाच आणि तांब्याची टिप दोन्ही त्याच मापाची आहेत हे पाहिले, आतल्या पट्टीवरची टोके उलटी केली, आणि गनच्या तोंडातून आलेली तार लाकडाच्या फळीवर दाबून धरली: रूळ घसरू लागला तर दाब कमी, तार न वाकता मागे रुळापाशी गोळा होऊ लागली तर दाब जास्त. त्या गोळ्याला तो 'घरटे' म्हणे. मग वायू मिनिटाला बारा लिटरवर ठेवून, अर्थचा चिमटा लावावयाच्या जागेवरचा गंज ग्राइंडरने खरवडून, त्याने रद्दी पत्र्याच्या तुकड्यावर गन टेकविली आणि आकड्यांकडे न पाहता कान देऊन वेगाची चकती फिरवू लागला. फटफट आवाज आला, गन मागे ढकलली जाऊ लागली, तसा त्याने वेग थोडा उतरविला. आणि कढईत भजी सोडल्यावर येते तशी एकसारखी चर्रर्र सुरू झाल्यावरच काळी काच वर करून माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात त्याची नजर माझ्यामागच्या उभ्या पंख्याकडे गेली, आणि त्याने काही न बोलता जाऊन तो बंद केला. भात्याच्या वाऱ्यावर पोट भरणाऱ्या लोहारापासून ह्या पंख्यापर्यंतचे सारे अंतर त्या एका कृतीत मला दिसले, हे कबूल करतो.

पुढे त्याने मला गनचे तोंड कामापासून बोटभर अंतरावर धरावयास शिकविले, आणि माझ्या हातून पहिली चार इंचांची रेघ निघाली. ती वाकडी होती, पण एकजीव होती. थंड झाल्यावर तिच्यावर जागोजागी तपकिरी, चकचकीत, काचेचे ठिपके दिसले. सिलिकॉनने प्राणवायूला बांधून वर आणून ठेविलेली ती मळी. रंग देण्यापूर्वी ती तारेच्या ब्रशाने खरवडून काढावी लागते. राहिली तर रंगाचा पोपडा तेथूनच सुटतो.