मनगटातून महाधमनीचा ठाव

दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब हा दंडातल्या धमनीचा दाब असतो. हृदयाला रक्त ढकलावे लागते ते मात्र महाधमनीतल्या दाबाविरुद्ध, आणि या दोन दाबांत अंतर असते. नाडीची लाट हृदयापासून दूर जाते तसतसे तिचे टोक उंचावते. त्यामुळे तरुण माणसाच्या दंडातला वरचा दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा पाऱ्याच्या १० मिलिमीटरने, कधी त्याहूनही अधिक भरतो. शरीरात नळी न घालता हा आतला दाब ओळखायचा कसा, याचे उत्तर शोधत आपण मागे गेलो तर तीन शतकांची वाट चालावी लागते.

आरंभी नळीला पर्याय नव्हता. टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी जिवंत घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उभी काचनळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच चढले; १७३३ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. १८२८ मध्ये प्वाझय यांनी काचनळीच्या जागी पारा आणला. तरीही धमनी कापावीच लागे. ती न कापता नाडी टिपण्याची वाट १८६० मध्ये पॅरिसच्या एतिएन-ज्युल मारे यांनी रुळवली. मनगटावर हलकी तरफ ठेवली की नाडीचा प्रत्येक ठोका काजळी धरलेल्या कागदावर आपली रेघ ओढू लागला.

या रेघेचे मर्म जाणणारा माणूस म्हणजे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्यात जन्मून ब्रायटनला स्नानगृह चालवणाऱ्या शेख दीन महोमेद यांचा हा नातू. १८७२ च्या सुमारास, अजून विद्यार्थी असतानाच, त्याने मारेंचे यंत्र सुधारले आणि वाढलेल्या दाबाची लाट निराळ्या घडणीची असते हे दाखवले. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या माणसांतही तशी लाट सापडते, हे त्याचे निरीक्षण काळाच्या पुष्कळ पुढचे होते. १८८४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, विषमज्वराने तो गेला.

पुढे वाटेने वळण घेतले. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोफ यांनी पट्ट्याखालचे आवाज ऐकण्याची रीत दिली. वैद्यकाला दोन सुटसुटीत आकडे मिळाले. तरफेची नाजूक यंत्रे कपाटात गेली. दाबाचे माप हाती आले, पण त्याची घडण विस्मरणात गेली.

ती पुन्हा शोधायला लावली नळीनेच. १९२९ मध्ये फोर्समन यांनी स्वतःच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. पुढे धमन्यांमध्येही नळ्या जाऊ लागल्या, आणि १९५५ मध्ये क्रोकर व वुड यांनी महाधमनी आणि हातातल्या लाटा एकाच वेळी नोंदवून दोहोंतला फरक मांडला. त्यामागचे कारण परतणाऱ्या लाटांत होते. धमन्यांच्या फाट्यांवरून लाटेचा काही अंश मागे फिरतो. म्हातारपणी धमन्या ताठरल्या की तो लवकर परततो आणि महाधमनीतला दाब वाढवतो. सिडनीत मायकेल ओरूर्क आणि सहकाऱ्यांनी हे सूत्र उलटे फिरवले. मनगटावर बारीक संवेदक टेकवून लाट घ्यायची, ती पट्ट्याच्या आकड्यांनी मोजपट्टीला लावायची आणि गणिती सूत्राने तिच्यातून महाधमनीची लाट काढायची. १९९३ मध्ये, नळीने घेतलेल्या नोंदींवरून बेतलेले असे सर्वसाधारण सूत्र त्यांनी प्रसिद्ध केले.

त्याचा उपयोग २००६ च्या ‘कॅफे’ अभ्यासात दिसला. अटेनोलॉलवर आधारलेल्या आणि अम्लोडिपिनवर आधारलेल्या उपचारांत दंडाचा दाब जवळजवळ सारखाच उतरला. महाधमनीतला अंदाजित वरचा दाब मात्र दुसऱ्या गटात सुमारे ४ मिलिमीटरने कमी होता. दंडाच्या आकड्याने झाकलेला फरक लाटेने उघड केला.

आज दंडाच्या पट्ट्यातूनच लाट टिपून हा हिशेब करणारी यंत्रे आहेत, आणि २०१७ मध्ये त्यांची पारख कशी करावी याचे संकेतही आखले गेले. आपण या वाटेच्या टोकाशी पोहोचतो तेव्हा मारे-महोमेदांची रेघ आणि रिव्हा-रोचींचा आकडा एकाच यंत्रात नांदताना दिसतात. मात्र नळीने मोजलेल्या खऱ्या दाबापेक्षा पट्टा वरचा दाब अनेकदा कमी दाखवतो, आणि लाटेची मोजपट्टी त्याच आकड्यावर बेतलेली असल्याने ती उणीव महाधमनीच्या अंदाजातही उतरते. म्हणून या शास्त्राची पुढची मजल नव्या सूत्रापेक्षा त्या जुन्या पट्ट्याच्या अचूकपणावर अधिक अवलंबून आहे.