अ‍ॅकी: गुलामांचे झाड

रिठ्याच्या कुळातील अ‍ॅकी हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. अठराव्या शतकात ते गुलामांच्या जहाजांबरोबर जमैकात पोहोचले. १७९३ साली कॅप्टन विल्यम ब्लाय यांनी त्याचे नमुने इंग्लंडला नेले आणि शास्त्रीय नावात ब्लाय अमर झाले. ज्यांनी ते परक्या मातीत रुजवले, त्यांची नावे त्यात नाहीत, याची आम्हांला खंत वाटते.

बी रुजते सहज. कसोटी लागते ती फळ उतरवताना. तांबडे फळ झाडावरच आपोआप उकलेपर्यंत थांबावे लागते. कच्च्या गरातील हायपोग्लायसिन रक्तातील साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरवते. उकलल्यावरही काळे बी, टरफल व गराची तांबूस शीर टाकून देतात. पिवळसर गर उकळून ते पाणीही ओतून देतात. हे विष विज्ञानाला १९५० च्या दशकात गवसले; उकललेल्या फळाचा नियम चुलीला आधीच ठाऊक होता.

मळेवाले गुलामांना स्वस्त खारा कॉड मासा शिधा म्हणून देत. तो मासा आणि हा गर मिळून आज जमैकाचे राष्ट्रीय पक्वान्न होते.