दामाजीपंतांचे कोठार आणि महामारीचे कर्ज

बीदरचे नाव निघाले की मराठी भाविकास मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. बीदरच्या बादशहाच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने त्या धान्याचे मोल दरबारी भरले, अशी संतपरंपरेची श्रद्धा आहे. धान्य देताना पंतांनी कोणाची पत पाहिली नाही, हे या कथेचे मर्म होय.

त्याच मुलखावर २०२० साली निराळेच संकट कोसळले. करोनाचा देशातील पहिला नोंदलेला बळी कलबुर्गीचा. तो मृत्यू १० मार्चचा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. तुरीच्या डाळीच्या गिरण्यांस जीवनावश्यक म्हणून मुभा राहिली. परंतु जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून किल्ल्यातील मातीने त्यास काळी झळाळी आणणारा बीदरचा कारागीर प्रवासी आणि प्रदर्शने यांवर विसंबून. त्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरास यात्रेकरू येईनात, तेव्हा हारफुले व नारळ विकणाऱ्यांचाही हात रिकामा झाला.

सरकारने मदत केली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले. ६ मे रोजी कर्नाटक सरकारने १,६१० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात नाभिक व परीट यांना प्रत्येकी ५,००० रुपये आणि फूलशेतीस हेक्टरी २५,००० रुपये होते. केंद्राने लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची विनातारण कर्जयोजना आखली. मात्र तिचे माप २९ फेब्रुवारीच्या कर्जबाकीवर ठरले होते. त्या बाकीच्या २० टक्के नवे कर्ज मिळे. ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, त्याच्या वाट्यास त्यातून काय येणार? फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांचे कर्ज जूनमध्ये निघाले, पण तेथेही आधी नोंद हवी होती. २०२१ च्या मे महिन्यात राज्याने फेरीवाल्यांस २,००० रुपये देऊ केले, तेही नोंदलेल्यांनाच.

धान्याने पोट तगले. धंदा मात्र ज्याचे नाव वहीत होते त्याचाच सावरण्याची शक्यता अधिक. म्हणून आपल्या देवस्थानांनी एक काम अंगावर घ्यावे. महाद्वारापाशी बसणारी फूलवाली, नारळवाला, मूर्तिकार यांची नावे सुकाळातच सरकारदरबारी नोंदवून द्यावीत. दामाजीपंतांचे स्मरण करणाऱ्यांस एवढे अवघड नाही.