इनामगावच्या हाडांचा जबाब

आम्ही रनाळ्याचे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाश्याला 'दक्षिण काशी' म्हणतात. तिथेच, तापी-गोमाईच्या संगमावर, बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खोदकाम करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

त्याच युगातल्या, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची हाडे जास्त बोलकी आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम तिथे उत्खनन केले. गाय-बैलांची हाडे मोठ्या संख्येने निघाली. काहींवर कापल्याचे घाव, काही भाजलेली. दातांच्या झिजेवरून जनावराचे वयही कळते.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' १९४८ मध्ये लिहिले, तेव्हा इनामगाव मातीखालीच होते. त्यांनी ब्राह्मणी ग्रंथांतूनच दाखवले की गोमांस एकेकाळी सर्रास खाल्ले जाई. ब्राह्मणांनी ते सोडले, आणि मेलेल्या गाईचे मांस खाणारे वाताहत झालेले लोक अस्पृश्य ठरले. इनामगावच्या हाडांवरून कोणाची जात कळत नाही. तसा दावा आम्ही करणारही नाही, ओढूनताणून इतिहास लिहिणे त्यांना लखलाभ! पण गाय इथे सदासर्वकाळ अवध्य होती म्हणणाऱ्यांना विचारतो: मग इनामगावच्या चुलीवर काय शिजत होते?