संपाचा हक्क आणि कायद्याची वेस

सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८. त्या सकाळी मुंबईत गिरण्यांचे भोंगे नेहमीसारखेच वाजले; पण लालबाग-परळच्या चाळींतून पुष्कळसे कामगार गिरणीकडे वळलेच नाहीत. पगारवाढीसाठी नव्हे, बोनससाठीही नव्हे. कायदेमंडळापुढे आलेल्या एका विधेयकाला विरोध म्हणून हा एक दिवसाचा संप होता. संपावर मर्यादा घालणाऱ्या कायद्याविरुद्धच संप!

ही गोष्ट नीट समजायला थोडं मागं जायला हवं. १९२० साली मद्रासच्या एका गिरणीतल्या तंट्यात मालक हायकोर्टात गेले आणि कोर्टाने बी. पी. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांना मनाई हुकूम बजावला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे त्यांना करार मोडायला लावणे, असा त्याचा अर्थ होता. मग संघटना करायची तरी कशी? हा प्रश्न ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात नेला. त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. नोंदलेल्या युनियनला संपाबद्दल कटाच्या आरोपापासून आणि नुकसानभरपाईच्या दाव्यापासून त्याने संरक्षण दिले.

पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने आवळले जायला वेळ लागला नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला, आणि १९२९ मध्ये औद्योगिक तंट्यांचा कायदा आला. सार्वजनिक सेवांत चौदा दिवसांची नोटीस सक्तीची झाली. आपल्या धंद्याबाहेरच्या कारणासाठी सरकारला वेठीस धरणारा संपही बेकायदा ठरला.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आपलेच सरकार म्हणून कामगारांच्या आशा वाढल्या होत्या. त्याच सरकारने १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचे नवे विधेयक मांडले. त्याचा मथितार्थ असा : आधी नोटीस, मग समेटाची बोलणी, आणि ती चालू असेपर्यंत संप नाही. केला तर शिक्षा. सरकारचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अवचित संपात पहिली चूल विझते ती कामगाराचीच, हे कोण नाकारील?

या विधेयकाला सभागृहात कडाडून विरोध केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचा मुद्दा साधा, पण मुळावर घाव घालणारा होता. काम सोडणे हा फार तर करारभंग. त्याची दाद दिवाणी कोर्टात मागावी. तो फौजदारी गुन्हा केला, तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे होईल, आणि त्याला गुलामगिरी म्हणतात. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे त्यांचे प्रतिपादन होते.

गंमत बघा, हेच बाबासाहेब दहा वर्षांपूर्वी संपाच्या पुढाऱ्यांवर नाराज होते. साचेखात्यात पगार अधिक; पण तिथे कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात मज्जाव होता. आणि मज्जाव करणारे कोण? बरोबरचे कामगारच! एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना त्यांनी १९२८ मध्ये हा सवाल रोखठोक विचारला होता. तरीही १९३८ मध्ये त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार पुढारी एका व्यासपीठावर आले. मतभेद मिटले नव्हते. पण हक्कच गेला तर भांडायचे कशासाठी?

संप झाला, आणि कायदाही झाला. १९४६ मध्ये त्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. त्याने एका विभागातल्या एका उद्योगासाठी वाटाघाटीचा मान एकाच प्रातिनिधिक संघाला दिला. बोलणी सुटसुटीत झाली खरी; पण त्या संघावरचा कामगारांचा विश्वास उडाला तर? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मागणी होती. ज्याच्यामागे कामगार उभे होते, त्याच्याशी बोलायला कायद्याची वाट नव्हती. आणि कायद्याने ज्याच्याशी बोलायचे, त्याच्यामागे ते उभे नव्हते. किती संसार त्यात उधळले!

स्वतंत्र भारताच्या घटनेने संघटना करण्याचा हक्क मूलभूत मानला; पण संपाचा हक्क त्यात आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले. पुढे २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सार्वजनिक सेवांपुरती न ठेवता सगळ्या उद्योगांना लावली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच धरला.

गावाला वेस असावी, याबद्दल वाद नाही. दवाखाने चालले पाहिजेत, पाणी आले पाहिजे. पण वेशीला दरवाजाही लागतो. समेटाची बोलणी खरोखर होतात का, ती वेळेत संपतात का, आणि ज्याच्यासाठी ती चालतात त्याचा आवाज तिथे पोचतो का, यावरच तो दरवाजा आहे की नुसती भिंत, हे ठरते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या त्या सकाळी घरी राहिलेल्या माणसांनी एका दिवसाची मजुरी सोडून हेच विचारले होते.