जमील, खालिद
जमील, खालिद : (२१ एप्रिल १९७७ – ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म कुवेतमध्ये. खेळाडू म्हणून कारकीर्द मुख्यतः मुंबईत. मधल्या फळीत महिंद्र युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी या संघांकडून खेळ (पाहा : कूपरेज मैदान). भारतीय संघातही सहभाग. दुखापतींनंतर २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद. तेथे सात वर्षे. मर्यादित खर्चाचा हा संघ या काळात आय-लीगमध्ये टिकून राहिला.

२०१६–१७ मध्ये ऐझॉल एफसीकडे. आधीच्या हंगामात पदावनत झालेला हा मिझोरमचा संघ गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे आय-लीगमध्ये परतला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजोंगशी १–१ अशी बरोबरी साधून त्याने विजेतेपद मिळवले. ईशान्य भारतातील क्लबचे हे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. बचावाची शिस्त व जलद प्रतिहल्ला ही जमील यांच्या संघांची वैशिष्ट्ये. पुढे ईस्ट बंगाल व मोहन बागान (पाहा : कोलकाता फुटबॉल), नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर. इंडियन सुपर लीगमधील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती.