ऋण वजा केले की धन का वाढते?

पाचातून उणे तीन वजा केले की उत्तर आठ येते. वजाबाकी करूनही आकडा वाढतो. शाळेत हा नियम बहुधा कारणाशिवायच पाठ होतो, आणि गंमत अशी की भारतीय ग्रंथांतही तो आरंभी कारणाशिवायच आला.

इ. स. ६२८. भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातील भिनमाळ, या नगराशी ज्याचे नाव जोडले जाते तो तीस वर्षांचा ब्रह्मगुप्त 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहितो. ग्रंथ खगोलशास्त्राचा, पण त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम येतात. धनातून ऋण किंवा ऋणातून धन वजा करायचे असेल तर त्यांची बेरीज करावी. शून्यातून ऋण वजा केले तर ते धन होते. सिद्धता नाही. सूत्रशैलीत ती अपेक्षितही नव्हती. कारण उलगडणे हे गुरूचे आणि टीकाकाराचे काम.

ऋणसंख्यांबाबत पहिलेपणाचा दावा मात्र इथे टिकत नाही. चीनमधील 'नऊ अध्याय' या गणितग्रंथावर लिऊ ह्वेई याने इ. स. २६३ मध्ये टीका लिहिली, तीत लाल काड्या धनासाठी आणि काळ्या काड्या ऋणासाठी वापरल्या आहेत. ब्रह्मगुप्ताचे वेगळेपण शून्याला त्याच पंक्तीत बसवून त्याचेही नियम सांगण्यात आहे.

'ऋण' या शब्दातच कारणाचा एक धागा आहे. एका व्यापाऱ्याजवळ आठ मोहरा रोख आहेत आणि तीन मोहरांचे देणे आहे. त्याची खरी मत्ता पाच. सावकाराने देणे माफ केले, म्हणजे ऋण वजा झाले, की मत्ता आठ होते. पेटीत एकही नवी मोहर पडलेली नाही. त्या पाचांत आठ धन आणि तीन ऋण आधीपासूनच होते. त्यांतील ऋण तेवढे निघून गेले.

परंतु कर्जाचे रूपक सर्वत्र चालत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. तर कळप किती? समीकरणाची उत्तरे दोन: पन्नास आणि पाच. पाच घेतले तर पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. गणित चुकत नाही, तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर नाकारतात. प्रत्यक्ष वस्तू ऋण असल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांचे कारण. तेच भास्कराचार्य 'लीलावती'त दहा, सतरा आणि नऊ भुजांच्या त्रिकोणात पायाचा एक खंड उणे सहा येतो तेव्हा तो निःशंक स्वीकारतात. तिथे ऋणाचा अर्थ उलट दिशा एवढाच.

दिशेचा हा धागा पुढे नेला तो कृष्ण दैवज्ञाने. त्याचे घराणे विदर्भात पयोष्णीच्या काठच्या दधिग्रामाचे. पुढे ते काशीस गेले. १६०० च्या सुमारास त्याने 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली आणि ऋणत्व तीन प्रकारचे असते असे सांगितले: देशाचे, काळाचे आणि वस्तूचे. पूर्वेला धन मानले तर पश्चिम ऋण. पुढच्या काळाला धन मानले तर मागचा काळ ऋण. आपल्या मालकीचे धन, तर दुसऱ्याचे देणे ऋण. म्हणजे ऋण ही 'शून्याहून कमी' अशी गूढ वस्तू नव्हे, ती ठरवलेल्या बिंदूपासूनची विरुद्ध बाजू आहे.

समजा, वडाच्या झाडापासून एक गाव पूर्वेला पाच कोस, दुसरे पश्चिमेला तीन कोस. पश्चिमेच्या गावाहून पूर्वेच्या गावी जायला किती चालावे लागेल? पाचातून उणे तीन वजा: आठ कोस, पूर्वेकडे. परतीला उणे तिनातून पाच वजा: उणे आठ. वाट तीच, तोंड पश्चिमेकडे.

आता इंग्लंड. १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेस याने ऋणसंख्यांना विरोध करणारा ग्रंथच लिहिला. १७९६ मध्ये विल्यम फ्रेंडने त्यांना वगळून बीजगणित रचले. फ्रेंडचा पुढे जावई झालेला, मदुराईत जन्मलेला ऑगस्टस डी मॉर्गन १८३१ मध्ये एक प्रश्न घेतो: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचे वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? उत्तर उणे दोन. डी मॉर्गनला ते विसंगत वाटते. प्रश्नच चुकीचा विचारला, 'केव्हा होईल' ऐवजी 'केव्हा होते' असे हवे, हा त्याचा निर्वाळा. दोन वर्षांपूर्वी बाप ५४ आणि मुलगा २७ होता, हे बरोबरच; पण कृष्ण दैवज्ञाच्या वर्गवारीत उणे दोन हे उत्तरही जसेच्या तसे चालले असते. मागचा काळ म्हणजे ऋण.

ती वर्गवारी लंडनला दुर्मीळही नव्हती. कोलब्रूकने केलेले 'बीजगणिता'चे इंग्रजी भाषांतर तिथे १८१७ मध्येच प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच्या तळटिपांत कृष्ण दैवज्ञाच्या टीकेचा आधार घेतलेला आहे.